देशी घेऊ का जर्सी? गुरांच्या जाती आणि फॉर्मात नसलेला रकाना

माजी_शाखाधिकारी (धागाकर्ता)

परवा रात्री पुतण्याचा फोन आला. पुण्यातली नोकरी सोडून गावी गोठा टाकतोय म्हणे. "काका, एकच सांगा. देशी घेऊ का जर्सी?"

हा प्रश्न मी टेबलाच्या अलीकडं बसून एकतीस वर्षं ऐकला. सांगोला, आटपाडी, जत या पट्ट्यातल्या बँकेच्या शाखांत दुभत्या जनावरांची कर्जप्रकरणं माझ्याकडं असायची. प्रश्नच चुकीचा पडतोय असं दर वेळी वाटायचं, पण बाहेर रांग असायची आणि फॉर्म भरायचा असायचा. आता वेळच वेळ आहे. चुकलो तर सांगा, इथं गोठेवाले आहेत आणि गुरांचे डॉक्टरही.

आधी 'जर्सी' या शब्दाचं बघू. आमच्याकडं वशिंड नसलेली कुठलीही गाय म्हणजे जर्सी. काळी-पांढरी असली तरी जर्सीच. खरी जर्सी ही फ्रान्सच्या किनाऱ्यालगतच्या एका चिमुकल्या बेटावरची, बदामी रंगाची, लहान चणीची, टपोऱ्या डोळ्यांची गाय. बाहेरची गुरं बेटावर उतरवायची नाहीत असा कायदाच बेटवाल्यांनी १७८९ साली केला, म्हणून ती इतकी निखळ राहिली. दूध बेताचं पण घट्ट, फॅट साडेचार-पाचाच्या घरात. काळी-पांढरी ती होल्स्टाइन फ्रिजियन, म्हणजे एचएफ, म्हणजेच गावच्या तोंडचं 'होस्टन'. तिचं मूळ हॉलंडच्या फ्रीसलंड प्रांतात आणि लगतच्या उत्तर जर्मनीत. अमेरिकेत ती एका वेताला दहा हजार लिटर देते, आणि तिथं त्याचं कुणाला नवल वाटत नाही. फॅट मात्र साडेतीनच्या आसपास. आपल्या दावणीला जी असते ती बहुतेक वेळा यातली कुठलीच नसते. तिच्यात किती आणे होस्टन, किती आणे जर्सी आणि किती आणे गावरान, हे तिच्या मालकालाही ठाऊक नसतं.

जगातल्या गाईंची मुळात दोन घराणी. एक वशिंडवालं, आपलं. दुसरं बिनवशिंडाचं, युरोपातलं. रानटी पूर्वज एकच, पण माणसाळवलं ते वेगवेगळ्या ठिकाणी: त्यांचं पश्चिम आशियात, आपलं सिंधूच्या खोऱ्याकडं, मेहरगढच्या बाजूला. आपल्या जनावराची कातडी सैल, गळ्याखाली लोंबती पोळी, घाम जास्त. चाळीस अंशांत ते रवंथ करत उभं असतं. एचएफ पंचवीस-सव्वीस अंशांच्या पुढं धापा टाकायला लागते आणि दूध कमी करते.

आता रकान्याची गोष्ट. आमच्या फॉर्मात 'प्रतिदिन दूध (लिटर)' असा रकाना होता. परदेशी पुस्तकं उघडली तर गाईंच्या जातींचे दोन भाग दिसतात, दुधाच्या आणि मांसाच्या. आमचा फॉर्म त्याच वळणाचा, फक्त मांसाचा रकाना खोडलेला. म्हातारा धनगर खिल्लार गाय घेऊन यायचा. मी प्रामाणिकपणे 'दोन' लिहायचो आणि प्रकरण वरच्या कार्यालयातून परत यायचं. खिल्लारचं अख्ख्या वेताचं दूध तीन-चारशे लिटर. वासरू पिऊन उरेल ते घरच्या चहाला. कागदावर ती नापासच.

पण तिला दुधासाठी घडवलंच नव्हतं कुणी. ती बैलाची आई. तिचं उत्पन्न म्हणजे खोंड. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेत नाहीतर सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात तिचा एक चांगला आदत खोंड ज्या किमतीला जायचा, तेवढे पैसे दोन होस्टनींच्या दुधातून वर्षभरात सुटत नसत. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि ते लिहायला फॉर्मात जागा नव्हती.

खिल्लारबद्दल जरा जास्त लिहितो, राहवत नाही. 'खिल्लार' म्हणजे मुळात गुरांचा कळप. जात माणदेशाची: सोलापूर, सांगली, सातारा, कोल्हापूरची दुष्काळी बाजू. रक्त म्हैसूरकडच्या हल्लीकर-अमृतमहालचं मानतात. लांबट चेहरा, मागं वळून वर जाणारी टोकदार शिंगं, आखूड केस, ताठ पाठ. आटपाडी महाल, म्हसवड, तापी खोऱ्यातलं थिल्लारी असे तिचे प्रकार. त्यात पुन्हा काजळी, कोसा, हणम असे रंगांचे आणि घरांचे वाद, ते इथं सुरू केले तर हा धागा वर्षभर चालेल. मुद्दा असा की सहा महिने कोरड्या कडब्यावर काढून, पहिला पाऊस पडताच कुळवाला जुंपता येईल असं जनावर हवं होतं. ते त्यांनी केलं. तीनशे लिटर दूध ही त्या कामाची किंमत.

बाकीच्या महाराष्ट्राचंही असंच. लातूरची देवणी, नांदेडची लाल कंधारी, वर्ध्याकडची गवळाऊ, इगतपुरी-अकोल्याची डांगी, कोकणची कपिला, गडचिरोलीची कठाणी. यातली निव्वळ दुधाची एकही नाही. देवणी तेवढी दोन्ही डगरींवर पाय ठेवून असते. निव्वळ दुधाच्या देशी जाती बघायच्या तर गीर, साहिवाल, लाल सिंधी. सौराष्ट्र, पंजाब आणि सिंध. आपल्या मातीतल्या नाहीत त्या.

तर पुतण्याला काय सांगू? "देशी" म्हटलं की तो पुण्यातल्या जाहिरातीतली गीर डोळ्यांपुढं आणतो आणि "जर्सी" म्हटलं की होस्टन.

---

वाचनमात्र_होतो

सहा वर्षं नुसता वाचत होतो, आज पहिला प्रतिसाद. वाचनखूण साठवलीय. 'आदत' म्हणजे काय ते कुणी सांगेल का? शहरात वाढलोय.

---

चौदा_दावी

@वाचनमात्र_होतो, आदत म्हंजे दुधाचे दात न पडलेला. दोन पक्के दात आले की दुसा, चार आले की चौसा, सगळे आले की जुळला. साधारण दोन-अडीच वर्षांला दुसा, पाचाच्या आत-बाहेर जुळतंय. शर्यतीचे गटबी तसंच असत्यात. बाजारात कुणी वय सांगितलं तर ऐकून घ्यायचं आन् तोंड उघडून बघायचं.

आता शाखाधिकारी साहेब, तुमचं लिहिणं ग्वाड लागलं पण एक बोलू का? माझ्याकडं चौदा दावी हायत, सगळी एचएफ क्रॉस. कर्ज तुमच्यासारख्याच साहेबांनी दिलं, म्हून आज दोन पोरं शिकत्यात. माझ्या आज्याकडं खिल्लार होती, तवा घरात तूप होतं पर खिशात रुपाया नव्हता. दहा दिवसाला जे दुधाचं बिल येतंय ना, त्यानं हा मुलूख उभा केलाय. भावनेवर गोठा चालत न्हाय.

पण तुमच्या पुतण्याला दुसरी बाजू बी सांगा. वीस लिटरची गाय रोज सात-आठ किलो सुग्रास, म्हंजे तयार पशुखाद्य, खाती, वर मुरघास (मुरवलेला हिरवा चारा), वर वैरण, आन् उन्हाळ्यात शंभर लिटर पाणी एकटी पिती. डेअरीत साडेतीन फॅट, साडेआठ एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घट्टपणा) लागला तर भाव, एक पॉइंट खाली गेला की कपात. मी लिटरला अडतीस रुपयं बी बघितल्यात आन् वर्षाच्या आत पंचवीस बी बघितल्यात. त्या वर्षी दोन गाई काढल्या. पेंडेचा भाव कधी खाली आलेला बघितलाय का कुणी?

आन् दगडी, म्हंजे कासेची सूज, झाली की एक सड गेला. सड गेला म्हंजे पाव गाय गेली.

---

माजी_शाखाधिकारी

दावीसाहेब, तुमच्याशी भांडण नाहीच. मी पण कर्जं दिली ती होस्टनलाच, आणि बहुतेक फिटली. माझी तक्रार गाईबद्दल नाही, एका फुटपट्टीनं सगळी गुरं मोजण्याबद्दल आहे. बाकी 'पाव गाय गेली' हे आमच्या प्रशिक्षणात कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

---

रतनवाडीची_लेक

माहेर अकोले तालुक्यातलं (नगर जिल्ह्यातलं अकोले, विदर्भातलं अकोला नव्हे, दर वेळी सांगावं लागतं). डांगीला एका ओळीत उरकलंत म्हणून लिहितेय.

आमच्याकडं पाऊस कसा असतो ते घाटावरच्या लोकांना सांगून कळत नाही. चार महिने अंगावरचं ओलं वाळत नाही. त्या पावसात आवणाच्या चिखलात बैल दिवसभर उभा असतो. डांगीच्या कातडीला एक तेलकटपणा असतो, हात फिरवला तर बोटांना लागतो, पाणी निथळून जातं. खूर काळे नि दगडासारखे टणक. दुसऱ्या मुलखातला बैल आणून बघितला होता आमच्या चुलत्यांनी. पहिल्याच पावसाळ्यात खुरं कुजली त्याची.

रंगावरून नावं: पारा, मणेरा, बाहळा. पांढऱ्यावर काळे किंवा तांबडे डाग कसे नि किती पसरलेत त्यावर ठरतं. माझी आजी महादेव कोळी वस्तीत वाढली, तिला आख्ख्या वाडीतली गुरं लांबून रंगावरून ओळखू यायची. माणसं मात्र चष्मा लावला तरी ओळखू येत नव्हती :)

राजूरला डांगीचं प्रदर्शन भरतं, घोटीला बाजार. पुतण्याला पाठवा बघायला. पण त्याच्या गावात डांगी नेऊ नका, तिला तिथं काय काम?

---

फ्रीसलंडचा_पाहुणा

मी गेली नऊ वर्षं लेवार्डनला आहे, म्हणजे होस्टनच्या थेट माहेरी. इथं शहरात एका चौथऱ्यावर गाईचा ब्राँझचा मोठा पुतळा आहे, १९५४ साली बसवलेला. त्याचं नाव 'उस मेम'. फ्रीसियन भाषेत याचा अर्थ 'आमची आई'. पहिल्या आठवड्यात सहकाऱ्यानं हे सांगितलं तेव्हा मी रस्त्यात उभा राहून हसलो होतो. गोमाता म्हणायला आपणच आहोत असं वाटायचं.

पुतळ्यातली गाय आणि आजच्या कुरणातली गाय यांत मात्र फरक आहे. पुतळ्यातली बुटकी, भरलेली, आखूड पायांची. जुन्या फ्रीसियन गाईंकडून दूधही घ्यायचे आणि म्हातारी झाली की मांसही चांगलं मिळायचं. त्याच गाई एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गेल्या, तिकडं फक्त दुधासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडल्या गेल्या, उंच नि हाडकुळ्या झाल्या. आणि १९७० नंतर त्यांचंच रेत परत इकडं आलं. लेक माहेरी आली ती ओळखूच येईना, अशातली गत. जुन्या घडणीची आता थोडीच उरलीत.

दुधाची आणि मांसाची जात ओळखायला इथल्या शेतकऱ्यानं मला सोपी खूण सांगितली. दुधाची गाय बाजूनं पाचरीसारखी दिसते: पुढं निमुळती, मागं कासेकडं रुंद. बरगड्या मोजता येतात. ती उपाशी नसते, खाल्लेलं सगळं कासेत जातं. मांसाची जात विटेसारखी: छाती, पाठ, मांड्या सगळं एका रुंदीचं. स्कॉटलंडची काळी, बिनशिंगी अँगस. इंग्लंडची लाल अंगाची, पांढऱ्या तोंडाची हेरफर्ड. फ्रान्सची दुधी रंगाची शारोले आणि तांबूस लिमुझँ. शेजारच्या बेल्जियमची 'बेल्जियन ब्लू' बघितली तर दचकायला होतं. स्नायूंची वाढ आवरणारं जनुक तिच्यात बिघडलेलं आहे, त्यामुळं अंगावर मांसाच्या नुसत्या गाठी. वासरं एवढी दणकट की बहुतेक वेळा पोट फाडूनच काढावी लागतात. माणसानं निवड करत करत कुठवर जावं याची हद्द मला तरी तिथं ओलांडलेली दिसते.

---

माजी_शाखाधिकारी

पाहुणे, 'आमची आई'साठी तुमचे आभार. आता मला जे खरं म्हणायचं होतं ते तुमच्यामुळं सुचलं.

तुम्ही मांसाच्या जातींची जी नावं घेतलीत, त्यातल्या बऱ्याचशा मुळात बैलकामाच्या! हेरफर्डचे बैल नांगराला होते. शारोले, लिमुझँ ओढकामाच्या. इटलीची कियानिना, जगातली सगळ्यात उंच गाय, टस्कनीत गाड्या नि नांगर ओढायची. स्वित्झर्लंडच्या सिमेंटालकडून तर दूध, ओढकाम आणि मांस तिन्ही घ्यायचे. आणि जपानची ती वाग्यू, जिच्या मांसाला जगात सोन्याचा भाव, ती भातखाचरातली बैलं होती. जपानात शेकडो वर्षं मांसाहारावर बंधनं होती. १८७२ मध्ये सम्राट मेजींनी उघडपणे गोमांस खाल्लं, तेव्हा ती मोठी बातमी झाली. तोवर त्या जनावराचं काम चिखलात ओढायचं एवढंच.

म्हणजे दूध नि मांसाखेरीज ओढकामाचा तिसरा रकाना त्यांच्याकडंही होता. ट्रॅक्टर आला नि तो पुसला गेला. ओढणाऱ्या जनावराला खांदा नि मांडी भक्कम लागते. काम गेल्यावर त्याच खांद्या-मांडीकडं त्यांनी मांस म्हणून पाहिलं. आपण पाहिलं नाही, आपल्याला पाहायचं नव्हतं. मग आपला बैल गेला शर्यतीत.

आपलीच गुरं तिकडं गेली त्याचीही गत हीच. आंध्रातला ओंगोल हा काळ्या रानात नांगर ओढणारा थोराड बैल. ब्राझीलला गेला, जुन्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यावरून 'नेलोर' झाला, आणि आज तिथल्या वीस कोटींवर गुरांत बहुसंख्या त्याच्या वंशाची. सगळी मांसाला. 'व्हियाटिना-१९' नावाची एक नेलोर गाय तिथं आहे. २०२३ साली तिच्या एक तृतीयांश मालकीचा लिलाव झाला, त्यावरून तिची किंमत चाळीस लाख डॉलरच्या वर निघाली. रुपयांत पस्तीस कोटींच्या आसपास. आमच्या शाखेतल्या ठेवी तेवढ्या नव्हत्या.

अमेरिकेतली 'ब्राह्मन' जात तर भारतीय खिचडीच: गीर, कांकरेज, ओंगोल आणि कृष्णा खोरे. हे शेवटचं नाव वाचून मी खुर्चीतून उठलो होतो. कृष्णा खोरे ही सांगली-मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांनी पदरमोड करून घडवलेली जात, कृष्णाकाठच्या चिकट काळ्या रानासाठी. जड, ताकदवान, चिखलात रुतली तरी मागं न हटणारी. तिचा अंश टेक्सासच्या कुरणांत आहे आणि कृष्णाकाठी ती शोधावी लागते. माझ्या सगळ्या नोकरीत कृष्णा खोऱ्याच्या जनावराचं एकही प्रकरण टेबलावर आलं नाही.

---

परखड_बोल

हे सगळं ठीक, पण २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानं बैलसुद्धा कत्तलीसाठी विकता येईना, त्यावर कुणीच का बोलत नाही? शेतकऱ्यानं भाकड जनावर ठेवायचं कुठं? की तिथं सगळ्यांची दातखीळ...

---

संपादक_मंडळ

प्रश्न रास्त आहे, शेवटची ओळ उडवली आहे. कायद्याच्या बाजूने आणि विरोधात याआधीच तीन धागे दीडशेच्या वर प्रतिसादांचे आहेत, तिकडे जावे. या धाग्याचं काश्मीर होऊ देऊ नये ही विनंती.

---

चौदा_दावी

संपादक साहेब उडवा पाहिजे तर, पण एकच सांगतो. क्रॉसचा गोऱ्हा जन्मला की घरात कुणी पेढं वाटत न्हाय. त्याला वशिंड न्हाय, जू कशावर अडकणार? उन्हात दोन तासांत जीभ बाहेर काढतो. खिल्लारचा खोंड झाला की आज्याच्या काळात सोयरं बघायला यायचं.

---

निवृत्त_पशुवैद्य

उशिरा आलो. दोन-तीन गोष्टींची भर घालतो.

१) संकराला इथं सगळे एक तर देव मानतात नाहीतर पाप. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळीकांचनला 'बाएफ' ही संस्था सुरू केली, तेव्हा हेतू साधा होता: चार महिने खाऊन दोन लिटर देणारी गाय गरिबाला परवडत नाही. तेच मणिभाई आधी गीरचा उत्तम कळप सांभाळत होते, हे मात्र लोक विसरतात. चूक संकर करण्यात झाली नाही, तो कुठं थांबवायचा हे न पाळण्यात झाली. पहिल्या पिढीत अर्धं रक्त गावरान, अर्धं विदेशी. ती गाय दूधही देते नि उन्हालाही टिकते. ती बघून मालक खूश, पुढच्या वेळी पुन्हा एचएफच्याच रेताची कांडी, त्यापुढं पुन्हा तीच. चौथ्या पिढीला पंधरा आणे होस्टन, आणि गोठा तोच पत्र्याचा, पाणी तेच टँकरचं. विदेशी रक्त पन्नास ते साडेबासष्ट टक्क्यांत ठेवावं असं आम्ही सांगत आलो, ऐकलं थोड्यांनी. राहुरी कृषी विद्यापीठाची 'फुले त्रिवेणी' याच हिशेबानं बांधलेली: निम्मी एचएफ, पाव जर्सी, पाव गीर.

२) ए२ दुधाचा विषय कुणी काढला नाही, मीच काढतो, कारण पुतण्या तो काढणारच. दुधातल्या बीटा केसीन प्रथिनाच्या साखळीत ६७ व्या जागी प्रोलिन असेल तर ए२, हिस्टिडिन असेल तर ए१. आपल्या वशिंडाच्या गाई बहुतांशी ए२, हे खरं. पण परदेशी सगळ्या ए१ हे खोटं. जर्सीच्या शेजारच्या बेटावरची गर्न्सी बरीचशी ए२ आहे, जर्सीतही ए२ भरपूर. होस्टनमध्ये दोन्ही. ए१ दुधानं अमुक रोग होतो हे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २००९ मध्ये पुरावे तपासून मान्य केलं नाही. आपल्याकडं ऑगस्ट २०२४ मध्ये पाकिटांवरचे ए१-ए२ चे दावे काढा असा आदेश निघाला आणि आठवड्याच्या आत मागंही घेतला गेला. ज्याला शंभर रुपये लिटरनं गीरचं दूध विकता येतं त्यानं जरूर विकावं. पण ते गिऱ्हाईक पुण्यात राहतं, आणि पुतण्या आटपाडीला. रोज पहाटे कॅन कोण नेणार?

३) २०१९ च्या पशुगणनेत देशात निव्वळ देशी गोवंश आधीच्या गणनेपेक्षा सुमारे सहा टक्क्यांनी घटला, विदेशी-संकरित जवळपास सत्तावीस टक्क्यांनी वाढला. खिल्लारला मात्र शर्यतीनं हात दिला, हे मी सरकारी माणूस असूनही कबूल करतो. २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली तेव्हा बाजारातले खोंडाचे भाव कोसळलेले पाहिलेत. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये घटनापीठानं राज्याची दुरुस्ती उचलून धरली, आणि आता चांगल्या आदत खोंडाला लोक मोटारीची किंमत देतात. यात पळणाऱ्या एका खोंडामागं न पळणारे वीस कुठं जातात ते मला विचारू नका.

धागाकर्त्यांनी देवणीला दोन डगरींवर उभं केलंय ते आवडलं.

---

उदगीरकर

देवणीवाल्यांचा निषेध नोंदवतो, डगर-बिगर काही नाही :) गीर, डांगी आणि इकडच्या गावरान गुरांच्या मिश्रणातून पिढ्यांमागं तयार झाली, म्हणून कान लोंबते आणि कपाळ फुगीर. तीन वाण. पूर्ण पांढरी ती बालंक्या, अंग पांढरं नि तोंडाच्या बाजू काळ्या ती वानेरा, पांढऱ्यावर काळे ठिपके-धब्बे ती शेवरा. वेताला आठशे-हजार लिटर देते आणि गोऱ्हा नांगराला चालतो. कोरडवाहू पाच एकरवाल्याला यापेक्षा जास्त काय पाहिजे?

---

पेडण्याची_सुमन

गोंयांत आमच्याकडे पांढरी, अगदी छोटी गाय असते, 'श्वेतकपिला' म्हणून तिची आता अधिकृत जात म्हणून नोंद झालीय. नोंद झाली तेव्हा माझी आई म्हणाली, "ही जात? ही आपली गाय." दूध दोन-तीन लिटर. माडांच्या सावलीत दिवसभर चरते आणि संध्याकाळी स्वतःहून घरी येते. फॉर्ममध्ये ते लिहायला रकाना आहे का, शाखाधिकारी?

---

माजी_शाखाधिकारी

सुमनताई, 'स्वतःहून घरी येते' हा रकाना कर्जदारांसाठी हवा होता.

पुतण्याचं सांगतो. रविवारी त्याला घेऊन बसलो, हा धागा वाचून दाखवला. गीरचं खूळ डॉक्टरांनी उतरवलं. पाणी किती आहे, चारा किती पिकेल, मजूर कोण, दूध कुठं घालणार हे कागदावर मांडलं. दोन एकर ओलीत, विहिरीला एप्रिलपर्यंत पाणी. त्यात चार क्रॉस गाई बसतात, चौदा नाही. दुसऱ्या वेताच्या घ्यायच्या, पहिलारू नको. आणि माझ्या हट्टाखातर एक खिल्लार कालवड, तिचा खर्च माझ्या पेन्शनीतून. तिच्याकडून दुधाची अपेक्षा नाही हे त्याच्याकडून वदवून घेतलंय. पुढच्या आठवड्यात काष्टीच्या बाजाराला जायचं म्हणतोय.

---

चौदा_दावी

काष्टीला जातोय तर एक निरोप द्या. बाजारात गाईची कास टच्च दिसली की भुलायचं न्हाय, आदल्या दिवशीची धार तुंबवून आणत्यात. मालकाच्या गोठ्यावर जायाचं. लागोपाठ तीन येळची धार म्होरं बसून काढून बघायची. चारी सड सोताच्या हातानं पिळायचं, गुठळी येती का बघायचं.

---

निवृत्त_पशुवैद्य

+१. गाभण म्हणून विकत असतील तर तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नये. लाळ्या-खुरकुत आणि लम्पीची लस कधी टोचली तेही विचारावं. आणि आणल्यावर पंधरा दिवस बाकीच्या गुरांपासून लांब बांधावं.

---

माजी_शाखाधिकारी

दोन्ही निरोप पोचवले. म्हणाला, "तीन धारा म्हणजे काका, तिथं मुक्कामच करावा लागेल की." म्हटलं, कर.